पन्नासाव्या मोसमाकडून एकच मागणे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या क्रीडापानावर बेसबॉलला वर्षातून एकदा, वर्ल्ड सिरीज संपली की, चार-पाच ओळींची जागा मिळते. गेल्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सने टोरांटो ब्लू जेजला हरवले तेव्हाही ती मिळाली, आणि इतक्या दूरच्या खेळाची दखल घेतली जाते याबद्दल मी आपला आभारी आहे. मात्र त्या अंतिम फेरीत टोरांटोच्या जागी जो संघ असायला हवा होता, किंबहुना जो तेथे पोचण्यापासून केवळ आठ बादांच्या अंतरावर होता, त्या संघाविषयी नवा मोसम सुरू होण्यापूर्वी चार शब्द लिहावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा संघ म्हणजे सिअ‍ॅटल मरिनर्स. मी मूळचा कराडचा असून २००१ पासून सिअ‍ॅटलजवळ राहतो आणि तेव्हापासून या संघाच्या मागे आहे.

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ संघ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज खेळलेले आहेत. जिंकणे सोडाच, जो त्या फेरीच्या मैदानावर एकदाही उतरलेला नाही असा एकच संघ उरला आहे, आणि तो आमचा आहे. मरिनर्सचा पहिला मोसम १९७७ सालचा. म्हणजे यंदा, २०२६ मध्ये, संघ आपला पन्नासावा मोसम खेळणार आहे. आपल्याकडे एखाद्या संस्थेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष आले की मांडव घातला जातो, स्मरणिका निघते, जुन्या माणसांचे सत्कार होतात. येथेही सोहळे होतील. रँडी जॉन्सन या उंच, डावखुऱ्या आणि दरारा वाटावा अशा वेगाने चेंडू टाकणाऱ्या पिचरचा ५१ हा क्रमांक यंदा सन्मानपूर्वक निवृत्त केला जाणार आहे. पुढे इचिरो सुझुकीनेही हाच क्रमांक पाठीवर वागवला आणि त्याच्या नावाने तो गेल्या ऑगस्टमध्येच निवृत्त झाला. हे सारे मनापासून हवेच आहे. पण माझ्यासारख्या चाहत्याला या वर्षाकडून सोहळ्यापेक्षा वेगळे काही हवे आहे, आणि या वेळी ते मागण्यास सबळ कारणे आहेत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आधी त्या आठ बादांविषयी सांगतो. २० ऑक्टोबर २०२५ हा दिवाळीतला सोमवार होता. आमच्या पोर्चवर आकाशकंदील लागला होता, पूजा नुकतीच आटोपली होती, आणि ओळखीची चार मराठी कुटुंबे आमच्या घरी टीव्हीसमोर बसली होती. अमेरिकन लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना टोरांटोमध्ये चालू होता. या मालिकेत आम्ही टोरांटोमध्ये जाऊन पहिले दोन सामने जिंकलो, घरी येऊन पुढचे दोन अत्यंत वाईट रीतीने हरलो, मग पाचव्या सामन्यात युहेनिओ सुआरेझने आठव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर (धावताना ओळीने गाठायच्या थांब्यांवर) आमचे खेळाडू उभे असताना होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, मारून सारे शहर जागे केले, आणि सहावा सामना पुन्हा हातचा घालवला. सातव्या सामन्यात मात्र सातवी इनिंग अर्धी संपली तेव्हा ३-१ अशी आघाडी आमची होती. सामना नऊ इनिंगचा आणि प्रत्येक इनिंगमध्ये एका संघाचे तीन बाद, म्हणजे आणखी नऊ बाद मिळाले की वर्ल्ड सिरीज. पहिल्या बॅटरला चार बॉल, म्हणजे ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे चेंडू, पडून मोफत बेस मिळाला, दुसऱ्याने चेंडू फटकावून बेस गाठला, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच थांबवून, स्वतः बाद होत दोघांना पुढे सरकवले. आता आठ बाद हवे होते. तेथे पिचर बदलण्यात आला आणि एदुआर्द बझार्दो आला. त्याचा दुसराच चेंडू जॉर्ज स्प्रिंगरने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावून दिला. ४-३. त्यानंतर आम्हाला एकही धाव काढता आली नाही.

आमच्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. चकल्यांचे आणि करंज्यांचे ताट मध्ये ठेवलेले होते तसेच राहिले. शिकागोला शिकत असलेल्या माझ्या मुलीचा फोन चालूच होता. तिकडून फक्त श्वासाचा आवाज येत होता, आणि मग ती एवढेच म्हणाली, "बाबा, मुन्योझ का नाही आला?"

तिचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराचा प्रश्न झाला. आंद्रेस मुन्योझ हा आमचा शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलेला सर्वांत भरवशाचा पिचर. मॅनेजर डॅन विल्सन यांनी त्याला आठव्या-नवव्या इनिंगसाठी मागे ठेवले, आणि ती वेळ आलीच नाही. माझे मत विचाराल तर सामन्यातली सर्वांत अवघड घडी जेव्हा येते तेव्हाच सर्वांत चांगला पिचर मैदानात असावा, मग ती सातवी इनिंग असो वा नववी. मोठ्या सामन्यात उद्यासाठी काही शिल्लक ठेवायचे नसते. विल्सन यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही या एका गोष्टीत ते चुकले असे मला वाटते, आणि यंदा ऑक्टोबरमध्ये तशीच घडी आली तर नवा पिचर बोलावण्याच्या फोनकडे त्यांचा हात लवकर जाईल ही माझी पहिली अपेक्षा आहे.

या अपेक्षांचे मूळ बरेच जुने आहे. मी नोकरीसाठी येथे आलो ते २००१ सालच्या एप्रिलमध्ये. आठ-दहा दिवसांतच कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला मैदानावर नेले. त्या वर्षी मरिनर्सने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. १९०६ सालच्या शिकागो कब्जचा विक्रम त्यांनी गाठला आणि तेवढे विजय त्यानंतर आजवर कोणालाही मिळालेले नाहीत. इचिरोचे ते अमेरिकेतील पहिले वर्ष होते, आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असा दोन्ही ठरला. चेंडू नुसता जमिनीवर ढकलून, क्षेत्ररक्षकाचा हात पोचण्याआधी तो पहिल्या बेसवर उभा असायचा. क्रिकेटमध्ये चोरट्या एकेरी धावेवर वाढलेल्या माणसाला हे पाहून जो आनंद झाला तो कसा सांगू? त्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर खेळ काही दिवस थांबला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या संघाने विभागाचे विजेतेपद नक्की केले, त्या रात्री शॅम्पेन उडवण्याऐवजी खेळाडू राष्ट्रध्वज घेऊन सावकाश मैदानाला फेरी घालून आले आणि मध्यभागी गुडघे टेकून बसले. परदेशातून येऊन पाच महिने झालेल्या मला त्या क्षणी प्रथमच या गावाशी आपले काही नाते आहे असे वाटले. पुढे न्यूयॉर्क यांकीजने आम्हाला हरवले. सहकारी म्हणाला, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी जाऊ.

ते पुढचे वर्ष २१ वर्षांनी आले. २००१ नंतर मरिनर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोचले ते थेट २०२२ मध्ये. अमेरिकेतील चार प्रमुख खेळांमध्ये तेव्हा इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नव्हता. माझी मुलगी या दुष्काळात जन्मली आणि त्यातच अठरा वर्षांची झाली.

त्या मधल्या वर्षांतला एक दिवस मात्र येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, आमच्याकडे राहण्यास आले होते. कराडला ते शाळेत गणित शिकवत, आणि शाळांच्या व तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन अनेक वर्षे त्यांनीच केले. गुणपत्रिकेतील टोटल जुळली नाही तर ते जेवत नसत. १५ ऑगस्टला, बुधवारी, दुपारचा सामना होता. सकाळी आण्णांनी कराडच्या शाळेतील ध्वजवंदनाची आठवण काढली, आणि दुपारी मी त्यांना मैदानावर नेले. फेलिक्स हर्नांडेझ चेंडू टाकणार होता. व्हेनेझुएलाचा हा पोरसवदा मुलगा १९ व्या वर्षी येथे आला, २०१० साली लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, लोक त्याला राजा म्हणत, आणि डाव्या कोपऱ्यातील त्याचे चाहते एकजात पिवळे टी-शर्ट घालून बसत. आण्णा त्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाले, "अरे, हे तर जेजुरीच्या पायऱ्यांसारखं दिसतंय."

दारावर मिळणारी गुणपत्रिका मी त्यांच्या हातात दिली आणि खुणा समजावून सांगितल्या. प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीसाठी एक चौकोन, चौकोनात मैदानाचा छोटा चौकट, प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला तर ६-३. बॅटर फटका मारायला जाऊन चुकला आणि तिसरा स्ट्राइक पडला तर के, आणि बॅट न हलवता नुसता उभा राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटे. दोन इनिंगमध्ये आण्णांना सारे आत्मसात झाले. त्यांचे म्हणणे असे की हे बीजगणित आहे, क्रिकेटचे नुसते अंकगणित. तिसऱ्या इनिंगमध्ये आमची एक धाव झाली. पाचव्या इनिंगनंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. सहाव्या इनिंगनंतर त्यांनी पेन्सिलीला पुन्हा टोक केले. आठव्या इनिंगच्या शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "समोरच्यांचं पान बघ. एकाही चौकोनात रेघ नाही. एकही माणूस पहिल्या बेसवर पोचलेला नाही." येथे असे बोलून दाखवणे अशुभ मानतात, ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी त्यांना थांबवले नाही.

फेलिक्सने त्या दिवशी टँपा बे संघाचे २७ बॅटर ओळीने बाद केले. १२ जण स्ट्राइकवर गेले. मोठ्या लीगच्या साऱ्या इतिहासात तोपर्यंत असे सामने केवळ २२ झाले होते. हा तेविसावा. मैदान निम्मेअधिक रिकामे होते, पण शेवटचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात बसला आणि बॅटर जागेवरच उभा राहिला तेव्हा झालेला आवाज मी विसरणार नाही. फेलिक्सने दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. आण्णांनी मात्र आधी शेवटच्या चौकोनात उलटे अक्षर काढले, खाली दुहेरी रेघ मारली, टोटल तपासली, आणि मग उभे राहून टाळ्या वाजवल्या. तो कागद त्यांनी कराडला नेला. ते गेल्यानंतर त्यांच्या कपाटात, पेन्शनच्या कागदांच्या फायलीत, तो जपून ठेवलेला सापडला. आता तो माझ्याकडे आहे.

या फेलिक्सने पंधरा मोसम फक्त मरिनर्ससाठी चेंडू टाकले, दुसरीकडे जाण्याची संधी असताना येथेच राहिला, आणि त्याला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०१९ मध्ये तो रडत मैदानाबाहेर गेला. आपल्या वाचकांना अमोल मुझुमदार यांचे उदाहरण माहीत आहे. तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करीत होते तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा काढूनही भारताकडून एकही सामना खेळू शकला नाही. फेलिक्सविषयी मला नेमके तेच वाटत आले आहे.

२०२२ च्या ३० सप्टेंबरला, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले असताना, बदली बॅटर म्हणून आलेल्या कॅल रॅलीने होम रन मारून २१ वर्षांची प्रतीक्षा संपवली. मी आणि माझी मुलगी मैदानावर होतो. ती चेंडूकडे पाहतच नव्हती, ती माझ्याकडे पाहत होती. त्यानंतर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी संघ प्लेऑफपासून केवळ एका विजयाने दूर राहिला. १६२ सामन्यांतला फक्त एक. एप्रिलमध्ये अंगावरचा आळस न झटकता हरलेला कोणताही एक सामना घ्या, तोच हा सामना असे म्हणता येते. म्हणून माझी दुसरी अपेक्षा एप्रिलविषयी आहे, आणि ती विशेषतः हुलिओ रॉड्रिगेझकडून आहे. हा डोमिनिकन तरुण २०२२ चा सर्वोत्तम नवोदित. एकाच मोसमात ३० होम रन आणि ३० चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळत गाठलेले) असा दुहेरी पराक्रम त्याने २०२३ मध्ये केला आणि २०२५ मध्ये पुन्हा केला. पण त्याची बॅट दर वर्षी उन्हाळा चढल्यावरच तापते. वसंतातले सहा-सात आठवडे तो चेंडू शोधत राहतो. सिअ‍ॅटलचा एप्रिल गार आणि दमट असतो, समुद्रावरून येणाऱ्या गार हवेत चेंडू फार लांब जात नाही, हे खरे. तरीही तो मार्चच्या अखेरपासून निदान बरा खेळला, तर सप्टेंबरमध्ये दुसऱ्या संघांच्या निकालांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आमच्यावर येणार नाही.

कॅल रॅलीविषयी माझी अपेक्षा अनेकांना उलटी वाटेल. गेल्या मोसमात त्याने ६० होम रन मारले. कॅचर म्हणून खेळणाऱ्याने एका मोसमात ४८ च्या वर होम रन मारल्याचे उदाहरण नव्हते. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये १९६१ पासून मिकी मँटलचा ५४ चा विक्रम होता आणि आमच्या संघात केन ग्रिफीचा ५६ चा. तिन्ही मागे पडले. साठावा होम रन त्याने २४ सप्टेंबरला मारला, आणि त्याच रात्री आम्ही २००१ नंतर प्रथमच विभागाचे विजेते झालो. क्रिकेटच्या वाचकांसाठी सांगतो, कॅचर म्हणजे यष्टिरक्षक, पण असा यष्टिरक्षक की जो प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, कित्येकदा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे शंभर-सव्वाशे चेंडू रोज अडवतो, प्रत्येक चेंडूपूर्वी काय टाकायचे हे पिचरशी ठरवतो, आणि दुखावलेल्या बोटांनीच बॅटिंगला येतो. हे काम जवळजवळ रोज करून कोणी साठ होम रन मारू शकतो, यावर मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये मी विश्वास ठेवला नसता. यंदा त्याने पुन्हा साठ मारावेत असे मी मागणार नाही. चाळीस मारले तरी पुष्कळ. त्याला आठवड्यातून एक दिवस खरी विश्रांती मिळावी, आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे गुडघे शाबूत असावेत, हेच मला हवे आहे.

त्याच्या बाबतीत एक नवी गोष्ट यंदा घडते आहे, जी आपल्या वाचकांना लगेच कळेल. या मोसमापासून मोठ्या लीगमध्ये पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येणार आहे, म्हणजे आपल्या डीआरएससारखेच. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद खरी ठरली तर संधी शाबूत, आणि मागण्याचा अधिकार फक्त पिचर, कॅचर व बॅटर या तिघांना, तोही लगेच, बाहेरून कोणाचा सल्ला न घेता, स्वतःच्या टोपीवर हात मारून. डीआरएस कधी मागावा हे ज्या यष्टिरक्षकाला कळते तो कर्णधाराला दहा धावांइतका मोलाचा असतो, हे आपण धोनीच्या काळात पाहिले आहे. रॅली तसाच आहे. गेल्या वर्षी ऑल-स्टार सामन्यात ही पद्धत वापरून पाहण्यात आली तेव्हा पहिली दाद त्यानेच मागितली आणि ती बरोबर ठरली. या नियमाचा सर्वांत जास्त फायदा आमच्या संघाला होईल अशी माझी धारणा आहे.

पण माझ्या आशेचा पाया बॅट नाही, चेंडू आहे. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुईस कास्तियो, ब्रायन वू आणि ब्राइस मिलर असे सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर ज्या संघाकडे आहेत त्याने हात आखडून बोलू नये. कर्बीच्या हातून मोफत बेस जाणे म्हणजे पुण्याच्या जुन्या वाड्यातील आजीच्या हातून मीठ जास्त पडण्याइतके दुर्मीळ. गेल्या वर्षी मात्र कास्तियो सोडला तर यांतील प्रत्येक जण कधी ना कधी जायबंदी झाला. कर्बीचा खांदा, गिल्बर्टचा हात, मिलरचे कोपर, आणि सर्वांत चांगले वर्ष गाजवणाऱ्या वूच्या छातीचा स्नायू, तोही सप्टेंबरमध्ये. वू प्लेऑफची पहिली मालिका खेळू शकला नाही आणि टोरांटोविरुद्ध त्याला मधल्या इनिंगमध्ये वापरावे लागले. इतके असूनही संघाने ९० सामने जिंकले आणि डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना १५ इनिंगपर्यंत ओढून ३-२ असा जिंकला. हे पाचही जण ऑक्टोबरला धडधाकट पोचले तर काय होईल? ही माझी तिसरी आणि सर्वांत मोठी अपेक्षा आहे, आणि तिच्यापुढे माणसाचा इलाज फारसा चालत नाही, म्हणून ती अपेक्षेपेक्षा प्रार्थना आहे.

काळजीच्या गोष्टीही आहेत. टोरांटोविरुद्ध ज्याने आम्हाला रात्रभर जागवले तो सुआरेझ आणि डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगमध्ये विजयी फटका मारणारा होर्हे पोलांको हे दोघेही हिवाळ्यात दुसऱ्या संघांकडे गेले. सुआरेझ तर प्रत्येक लहान मुलाला हसून भेटणारा माणूस होता. पहिल्या बेसवरच्या जॉश नेलरला संघाने पाच वर्षांसाठी बांधून घेतले याचे समाधान आहे. शरीराने अवजड आणि पायाने संथ असा हा गडी केवळ पिचरची नजर वाचून गेल्या मोसमात ३० बेस चोरतो, हे पाहण्यासाठीच तिकीट काढावे.

आणि मॅनेजर डॅन विल्सन. वर मी त्यांची एक चूक सांगितली, तेव्हा त्यांची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मरिनर्स आपल्या विभागात १३ सामन्यांनी मागे होते. त्याआधीच्या वर्षी मैदानाच्या छताचे तुकडे खाली पडले होते, नव्या मैदानासाठीचा कर मतदारांनी त्या सप्टेंबरमध्ये थोडक्यात नाकारला, आणि संघ गाव सोडून जाणार हे जवळजवळ नक्की होते. त्या मोसमात संघाने १३ सामन्यांची पिछाडी भरून काढली आणि ८ ऑक्टोबरला एडगर मार्टिनेझच्या अकराव्या इनिंगमधील फटक्यावर यांकीजना बाहेर काढले. लोकांचा कौल फिरला, नवे मैदान उभे राहिले, संघ राहिला. त्या संघाचा कॅचर डॅन विल्सन होता. मी तेव्हा येथे नव्हतो, पण सिअ‍ॅटलमध्ये बेसबॉल आहे तो त्या माणसांमुळे आहे, हे मला प्रत्येक जुना चाहता सांगतो. पन्नासाव्या मोसमात संघाला वर्ल्ड सिरीजला न्यायचेच असेल तर ते त्यांच्याच हातून घडावे.

महोदय, मी ही आशा एवढ्या जोराने का धरतो आहे त्याला आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबरला, शनिवारी रात्री, मी डॉजर्स आणि ब्लू जेजचा सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत पाहिला. प्रत्येक चेंडूला मनात येत होते की येथे आपण असायचो. झोप लागली नाही. आणि त्याच पहाटे साडेतीनला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांचा विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला. पत्नी उठली, चहा झाला, आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. २००५ साली अंतिम फेरीत हरलेला, २०१७ साली लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरलेला संघ ५२ धावांनी जिंकला होता. सांगलीची स्मृती मानधना रडत होती. सीमारेषेवर प्रशिक्षक अमोल मुझुमदार उभे होते. तेच, पॅड बांधून बसून राहिलेले. मी पत्नीला म्हटले, "यांचं झालं. आता आपलं राहिलं." तिने आपलं म्हणजे कोणाचं, असे विचारले नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. मार्चच्या अखेरीस मोसम सुरू होईल. आपल्या क्रीडापानावर परदेशी फुटबॉलच्या गुणतक्त्याला दर आठवड्याला जागा असते. त्याच्या शेजारी, शक्य झाल्यास, अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागाच्या पाच संघांचा तक्ता छापावा. पाच ओळी लागतील. सिअ‍ॅटलच्या आसपास आपले मराठी वाचक थोडे नाहीत, आणि त्यांचे आई-वडील कराड, सांगली, नाशिक, लातूर येथे आपला अंक हातात घेऊन बसतात. मुलगा फोनवर रोज ज्या संघाविषयी बोलतो तो जिंकला की हरला, हे त्यांना सकाळी चहाबरोबर कळावे असे मला वाटते. आण्णा असते तर त्यांनी तो तक्ता कात्रीने कापून वहीत चिकटवला असता आणि एखाद्या आकड्याची चूक झाली असती तर आपल्याला पत्रही लिहिले असते.

पहिल्या घरच्या सामन्याची तीन तिकिटे आली आहेत. मुलगी शिकागोहून येणार आहे. गुणपत्रिका कोणी भरायची यावरून आमचा वाद चालू होता, तो तिने जिंकला, आणि पेन्सिल मात्र आण्णांचीच वापरायची असे ठरले आहे.

आपला नम्र वाचक,
एक कराडकर, सिअ‍ॅटल